जुन्या गाडीची दुखणी कशी ओळखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हद्दीपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागात अजून बऱ्याच जुन्या गाड्या रोजच्या कामाला आहेत. कार्बुरेटरची मारुती ८००, ओम्नी, प्युजो इंजिनची महिंद्रा जीप, वडापला (माणशी भाड्याच्या प्रवासी वाहतुकीला) धावून दमलेली कमांडर, जुनी सुमो. त्यांच्या मालकांकडून येणारे नेहमीचे प्रश्न इथं घेतले आहेत.

एक मत आधीच सांगतो, कारण पुढं ते सारखं येणार आहे. जुन्या गाडीत मोठा पार्ट एकाएकी क्वचित जातो. जातात ते सांधे: वायरचा लग (टोकाची कडी), रबरी पाइप, गॅस्केट (दोन भागांमधलं पॅकिंग), अर्थची पट्टी (करंट बॅटरीकडं परत नेणारी). पण दुकानात पार्ट मिळतो, सांधा मिळत नाही. म्हणून पार्ट बदलले जातात आणि दुखणं तिथंच राहतं.

मेस्त्रीकडं न्यायच्या आधी मी काय बघून ठेवू?

"गाडी नीट चालत नाही" एवढं सांगितलं तर मेस्त्रीला अंदाजच करावा लागतो, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरता. त्याला "कधी" ते सांगा. थंड इंजिनवर होतं की तापल्यावर? पावसात की कोरड्यात? चढाला की सपाटीला? क्लच दाबल्यावर आवाज जातो की येतो? लाइट लावल्यावर फरक पडतो का? आणि शेवटचं काम कुठलं केलं होतं? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. डेंटिंग-पेंटिंग झाल्यावर लाइटचे घोळ सुरू झाले किंवा डिझेल फिल्टर बदलल्यावर जीप सुरू होईना झाली, तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल आणि फिल्टर एकदम बदलून गाडी बरी झाली तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

सकाळी सेल्फ मारला की नुसता टक् टक् आवाज येतो. बॅटरी गेली का?

कदाचित. पण बॅटरी विकत घ्यायच्या आधी एक पैशाचा खर्च नसलेली परीक्षा करा. हेडलाइट लावा आणि समोर भिंतीवरचा उजेड बघत सेल्फ मारा.

उजेड जवळपास विझतोय आणि टकटक भराभर होतेय, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल-गंजलेलं आहे. उजेड तसाच राहतो आणि सेल्फ काहीच करत नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचत नाही: चावीचा स्विच, सोलेनॉइडची (सेल्फला मोठा करंट जोडणाऱ्या स्विचची) बारीक वायर किंवा मधला रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) बघा. एकच जोराचा "टक्" होतो, उजेड थोडासाच उतरतो आणि पुढं काही नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन (आतले ब्रश) झिजले असण्याची शक्यता जास्त. सेल्फच्या पाठीवर लाकडी दांड्यानं हलकं ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर कार्बनच. असं ठोकून काही दिवस निघतात, पण कणकुंबीच्या पुढं जायचं असेल तर त्या भरवशावर जाऊ नका.

मल्टिमीटर असेल तर उत्तम, नसेल तर घ्या. साधा डिजिटल मीटर एका चुकीच्या पार्टपेक्षा स्वस्त पडतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर. मात्र मीटरची टोकं आधी बॅटरीच्या शिशाच्या खांबावर लावा, मग त्यावरच्या क्लॅम्पवर. दोन्हींत फरक दिसला तर दोष क्लॅम्पचा. गरम पाणी, तारेचा ब्रश आणि थोडं ग्रीस एवढ्यावर काम होतं.

नवीन बॅटरी टाकली, तरी गाडी चार दिवस उभी केली की उतरते. असं का?

गाडी बंद असतानाही कुणीतरी करंट पितंय. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा आणि ते टोक व बॅटरी यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात असली पाहिजे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर हिशेब करा: दिवसाला १२ अँपिअर-तास. ओम्नीच्या लहानशा बॅटरीला दोन-तीन दिवस पुरेत.

मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्याच्या वाटेवर चोर आहे. जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या सामानात सापडतो: टेप, रिव्हर्सचा हॉर्न, एलईडीच्या पट्ट्या, मोबाइल चार्जर. सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नसेल, तर उभ्या, थंड गाडीचा डायनॅमो हातानं चाचपा. तो कोमट लागला तर आतला डायोड गळतोय. हा दोष फ्यूजच्या वाटेवर नसतो, म्हणून वायरमनच्या नजरेतून सुटतो.

डायनॅमो चार्ज करतो का बघायला मेस्त्री चालू गाडीची बॅटरीची वायर काढतात. बरोबर आहे का?

नाही. करू देऊ नका. ही सवय जुन्या खऱ्या डायनॅमोच्या काळातली. आज आपण ज्याला डायनॅमो म्हणतो तो अल्टरनेटर असतो. बॅटरी सुटताच त्याचं व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल फवारणारी) गाडी असेल तर कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो. गाडी चालू ठेवा, थोडा रेस द्या आणि बॅटरीवर मीटर धरा. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्या खाली असेल तर आधी पट्टा सैल आहे का बघा, मग कार्बन. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. बॅटरीचं पाणी सारखं आटणं आणि बल्ब वरचेवर उडणं ही त्याचीच लक्षणं.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. लाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर जातो. हे काय गौडबंगाल आहे?

अर्थ. जुन्या गाडीतल्या विचित्र वाटणाऱ्या इलेक्ट्रिकच्या दुखण्यांत मी आधी अर्थवर संशय घेतो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

बल्बला करंट वायरनं येतो आणि परत जातो गाडीच्या पत्र्यातून. ती परतीची वाट गंजली की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर उजळतो, रिव्हर्सला टाकल्यावर टेललाइट मंद होतो. आपल्याकडं मागच्या लाइटच्या डबीत पावसाळाभर ओल असते, जांबोटीच्या पट्ट्यात तर विचारूच नका.

मोजायचं असं: मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं टोक त्या लाइटच्या अर्थच्या जागी. लाइट लागलेला असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो सांधा खराब. इंजिनचा अर्थही असाच बघा. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल, तर इंजिन ते चासी जोडणारी पट्टी काढून घासा किंवा नवी टाका. ही पट्टी तुटली की करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून परत जातो आणि केबल तापते, कधीकधी जळतेसुद्धा. केबल का जळली ते न बघता लोक नुसती केबल बदलत राहतात.

टिंकरिंग करून रंग मारलेली गाडी असेल तर थेट अर्थचे नट उघडा. रंगावर लग ठेवून नट आवळला की खाली धातू धातूला लागतच नाही. लगएवढा रंग खरवडा, घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा.

इंधन आणि टेंपरेचर हे दोन्ही काटे एकदमच वर गेले, तर मात्र इंजिन तापलेलं नाही. मीटरच्या मागचा छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा मीटरचाच अर्थ बघा.

रात्री घाटात दिसत नाही म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकू का?

जुन्या वायरिंगवर नको. साध्या ६०/५५ चे दोन बल्ब साधारण १० अँपिअर ओढतात, १०० चे दोन जवळपास १७. जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. आधी स्विच वितळतो, मग वास येतो. त्यापेक्षा हेडलाइटला रिले बसवून बॅटरीपासून थेट जाड वायर टाका, मध्ये फ्यूज द्या आणि बल्ब साधेच ठेवा. जुन्या वायरिंगमध्ये बल्बपर्यंत ११ च व्होल्ट पोचत असतील तर त्याच बल्बचा उजेड रिले टाकल्यावर ठळक वाढतो. पिवळी पडलेली काच किंवा काळा पडलेला रिफ्लेक्टर असेल तर पैसे त्यावर घाला.

पाऊस लागला की पेट्रोल गाडी मिसिंग मारते, ऊन पडलं की बरी होते. कार्बुरेटर साफ करायचा का?

कार्बुरेटरला हात लावू नका. ओलीनं येणारं दुखणं बहुतेक वेळा स्पार्कचं असतं. प्लगच्या जाड वायरी जुन्या झाल्या की त्यांना सूक्ष्म भेगा पडतात, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीनं स्पार्क वाटणाऱ्या डबीच्या) कॅपमध्ये पाण्याचे कण बसतात आणि स्पार्क प्लगपर्यंत न जाता बाहेरच उडून जातो.

रात्री अंधारात बॉनेट उघडा, गाडी चालू ठेवा आणि फवाऱ्यानं वायरींवर अगदी बारीक पाणी मारा. जिथं निळी ठिणगी नाचताना दिसेल तिथं दोष. हात लांब ठेवा, झटका जोराचा बसतो. कॅप उघडून आत काळी रेघ, म्हणजे करंटनं कोरलेली वाट, दिसते का तेही बघा. दिसली तर कॅप फेकायची, घासून उपयोग नाही. तात्पुरतं कोरडं करायला डब्ल्यूडी-४० चालतं, पण ते औषध नव्हे.

पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर असेल, म्हणजे जुनी पेट्रोल जीप, पद्मिनी, अँबॅसेडर, तर पॉइंटचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.

डिझेल जीप सकाळी सुरू व्हायला फार सेल्फ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक.

यात दोन वेगळी दुखणी एकसारखी दिसतात, आणि ती वेगळी केल्याशिवाय खर्च करू नका.

पहिलं, हीटर प्लग, म्हणजे सुरू करताना थंड सिलेंडर तापवणारे प्लग. प्युजो इंजिनला थंडीत ते लागतातच. बेळगावची डिसेंबर-जानेवारीतली सकाळ त्याला पुरेशी गार असते. प्लगच्या डोक्यावरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर तो प्लग मेला. चारपैकी एक मेलेला असेल तर गाडी सुरू होते, पण सुरुवातीला थरथरते आणि पांढरट धूर सोडते. नंतर आलेल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या जुन्या महिंद्रा इंजिनांना हीटर नसतात, तिथं हा शोध घेऊ नका.

दुसरं, हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतच्या) पाइपात बारीक फट असली तर तिथून डिझेल ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि कुणाचा संशय जात नाही. रात्री डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं आणि सकाळी पंप रिकामा असतो. ओळखायची सोपी युक्ती: सकाळी सेल्फ मारायच्या आधी हातपंप मारा. पंप सुरुवातीला पोकळ लागला, मग घट्ट झाला आणि नंतर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, तर दोष हवेचा आहे. दुसरी युक्ती म्हणजे रात्री गाडी अशी लावा की टाकी इंजिनपेक्षा वर राहील. सकाळी लगेच सुरू झाली तर तेच निदान पक्कं. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप काही वेळ जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

दोष बहुधा तांब्याच्या वॉशरमध्ये, फिल्टरच्या रबरात किंवा हातपंपाच्या दट्ट्यात निघतो. या कारणासाठी एफआयपी (नोझलना दाबानं डिझेल देणारा) पंप उतरवून सर्व्हिसला दिलेल्या जीपा कमी नाहीत, आणि काम होऊन आल्यावर सकाळी पुन्हा तोच तमाशा.

चढाला गाडी तापते. रेडिएटर बदलायला सांगितलंय. बदलू का?

थांबा. तापते कधी, ते आधी नीट सांगा.

बाजारात, रेल्वे फाटकाला, उसाच्या ट्रॉल्यांमागं हळू चालताना तापते पण हायवेला काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय. पंखा लागतो का, त्याचा स्विच, रिले, मोटर बघा. जीपला पट्ट्यावरचा पंखा असेल तर पट्टा सैल आहे का आणि रेडिएटरभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण जागेवर आहे का बघा. ते आवरण फुटलं की कुणी परत बसवत नाही.

याउलट गावात ठीक आणि तवंदी घाट किंवा चोर्ल्याहून वर येताना तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. आतून साचलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप) ही कारणं. टायमिंग चुकलं तरी असंच होतं. गाडी गरम करून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर सावधपणे हात फिरवा. मध्येच थंड पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या बुजल्यात. इलेक्ट्रिक पंखा असेल तर आधी त्याची वायर काढा, तो बंद गाडीतही अचानक फिरतो. वरचा पाइप कडक गरम आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही.

दोन्हीकडं तापते, तर पाणी कमी होतंय. कुठं जातंय ते शोधा. खाली डाग नसेल तर रेडिएटरच्या झाकणाकडं बघा. हे झाकण म्हणजे नुसतं बूच नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथं उघड्या भांड्यातलं पाणी १०० च्या थोडं खालीच उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून रेडिएटरमधलं पाणी ११५ अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की तो दाब जातो, पाणी उकळून बाहेर पडतं आणि रेडिएटर निर्दोष असूनही तोच बदलला जातो. आधी झाकण बदला, मग बाकीचं. गरम इंजिनवर ते उघडायचं मात्र नाही. अर्धा तास जाऊ द्या.

हेड गॅस्केटची शंका असेल तर थंड इंजिनवर झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा. थोड्या वेळानं एखाद-दुसरा बुडबुडा येतो तो साठलेल्या हवेचा. पण सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा सुरू केल्यावर मिनिटभरात पाइप दगडासारखा कडक झाला, तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) पाण्यात शिरतंय. डिपस्टिकवर ताकासारखं ऑइल दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, गाडी सुरूसुद्धा करू नका. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा थर असेल आणि पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर तो वाफेचा थर आहे. एकदा निपाणीपर्यंत जाऊन या, जाईल.

आणि बोअरचं पाणी घालणं बंद करा. त्यातल्या क्षारांनीच नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घाला.

थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी तापत नाही म्हणतात.

बिघडलेला थर्मोस्टॅट काढला की तापायचं थांबतं हे खरं, पण मग इंजिन नेहमी थंड चालतं. इंधन जास्त जातं, रिंगा लवकर झिजतात, ऑइलमध्ये ओल राहते. आणि मुळात दोष रेडिएटरचा असेल तर चढाला तरीही तापणार. घरी परीक्षा सोपी आहे: दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा आणि तापवा. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास, म्हणजे पाणी उकळायच्या बरंच आधी, तो उघडायला लागला पाहिजे.

धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. खानापूरच्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर आधी बघा, डिझेलला मग नोझल.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी सुरू करताना एकदाच भपकारा येतो, किंवा घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलेटर दिल्यावर येतो, तर व्हॉल्व्हचे सील. हे काम तुलनेनं स्वस्त. चढाला, ओझ्यावर सतत निळा धूर आणि ऑइलच्या झाकणातून फसफस वाफ, तर रिंग-बोअर.

पांढरा धूर थंड डिझेल इंजिनला थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. वरचा गॅस्केटचा भाग पुन्हा वाचा.

कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन (रिंगा-बेअरिंगचं काम) करा म्हणतात. खात्री कशी करायची?

आकडा मागा. कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलेंडरचं माप कागदावर लिहून घ्या. सगळे सिलेंडर एकमेकांच्या जवळ असणं जास्त महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर तिथं दोष. पेट्रोल इंजिन असेल तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. माप वाढलं तर रिंगा-बोअर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्हॉल्व्ह-गॅस्केटचा दोष असेल तर हेडच्या कामावर भागतं, पिस्टन काढायची गरज नसते. डिझेलमध्ये ऑइल ओतून बघू नका, कॉम्प्रेशनच्या जागेत मावेल इतकी सूट तिथं नसते.

आपल्याला एक सोय आहे. उद्यमबागेसारखा फाउंड्री आणि मशीन शॉपचा परिसर जवळ असल्यानं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामं जाणणारे हात इथं आहेत. तरी इंजिनवर खर्च करायच्या आधी चासी आणि फ्लोअर खालून बघा. पत्रा कुजलेल्या ओम्नीत नवं इंजिन घालणं मला पटत नाही.

घाट उतरताना ब्रेक लागेनासा झाला, खाली आल्यावर पुन्हा बरा. धोका आहे का?

आहे, आणि यावर चालढकल करू नका. दोन प्रकार आहेत.

पेडल घट्टच होतं पण गाडी थांबत नव्हती आणि करपट वास आला, तर लायनर तापले. सारखा ब्रेक धरून उतरल्यानं होतं. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. पण पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरल्यावर ही मर्यादा १४० च्या आसपास येते. आपल्या पावसाच्या भागात दोन वर्षांत एकदा ते पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकतं आणि ऑइल कुठं गळत नाही, तर मास्टर सिलेंडरचे वॉशर गेले. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, तर चाकाच्या आतली बाजू बघा. व्हील सिलेंडर गळून लायनर ओला झालेला असतो. ओला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू नका, जोडी बदला.

क्लच, गिअर आणि खालून येणारे आवाज?

क्लच दाबल्यावर आवाज येतो: रिलीज बेअरिंग. सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर जातो: गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. पुढं-मागं टाकताना जीपखालून "ठण्" होतं: प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. वेगाबरोबर घुमणारा आवाज वळणावर एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो: वळणाच्या बाहेरच्या चाकाचं बेअरिंग. क्लच सरकतोय का बघायला सपाटीवर टॉप गिअरमध्ये हळू चालत असताना एकदम अ‍ॅक्सिलेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तेवढीच राहिली तर प्लेट संपली.

जीपचं स्टिअरिंग एका ठरावीक वेगाला जोरात थरथरतं.

साधी थरथर असेल तर बॅलन्सिंग. पण खड्ड्यावरून गेल्यावर पुढची दोन्ही चाकं डुलायला लागतात आणि गाडी थांबेपर्यंत थांबत नाहीत, तर किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) आणि स्प्रिंगच्या पाट्याचे बुश यांतलं एक तरी सैल आहे. एकाला आत बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जा. कुठला सांधा आधी मोकळा हलतो ते हाताला कळतं. स्टिअरिंग डँपर बसवून हे झाकलं जातं, बरं होत नाही.

इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनी गाडी बिघडते का?

काही गोष्टी खऱ्या, काही अतिरंजित. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं असतं, आणि त्याला चालतील असे रबर-धातू वापरायची सुरुवात कंपन्यांनी एप्रिल २०२३ च्या सुमारास केली. त्याआधीच्या, विशेषतः कार्बुरेटरच्या गाड्यांत जुना रबरी पाइप फुगतो, मऊ पडतो किंवा भेगाळतो. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळं अ‍ॅव्हरेज काही टक्के उतरणं स्वाभाविक. आपल्याच शिवारातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच ओम्नीचा पाइप फुगवतं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

करायचं काय? इंधनाचे सगळे रबरी पाइप नवे, इथेनॉलला चालणारे टाका, कारण इंजिनजवळ फुटलेला पाइप म्हणजे आग. सुरुवातीला फिल्टर लवकर बदला, टाकीतला जुना कचरा सुटून त्यात येतो. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बुरेटर रिकामा करा. ओल शोषलेलं पेट्रोल आत साचलं की जेट गंजून बुजतात.

मोबाइलला जोडायचा स्कॅनर घेतला तर दोष कळेल का?

कार्बुरेटरच्या गाडीला तो जोडायलाच जागा नाही. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीनं आपले दोष कोडमध्ये सांगायची पद्धत) बंधनकारक झालं. त्यानंतरच्या गाड्यांत स्कॅनर उपयोगी, आधीच्या एमपीएफआय गाड्यांत जमेलच असं नाही. कोड आला तरी तो सेन्सरचं नाव सांगतो, सेन्सर बदला असं सांगत नाही. आधी त्याची वायर आणि प्लग बघा.

उंदीर वायरी कुरतडतात.

पावसाळ्यात शेतातले उंदीर गरम इंजिनजवळ येतात. निपाणीकडं बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात. वास आहे तोवर चालतं, मग उंदीर त्यावरच झोपतो. बारीक जाळी आणि गाडी रोज हलवणं एवढंच खरं. खाल्लेली वायर टेप गुंडाळून सोडू नका, सोल्डरचा डाग देऊन स्लीव्ह चढवा.

कोल्हापूरची एमएच-०९ गाडी स्वस्तात मिळतेय. काय बघू?

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. चासी नंबर आरसीशी ताडून बघा. आरसीची मुदत बघा. १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि एप्रिल २०२२ पासून त्याची फी बरीच वाढली आहे, ती किमतीत धरा. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथला, म्हणजे कर्नाटकचा, नंबर घ्यावा लागतो. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीला जाताना गाडीत काय ठेवावं?

टेस्ट लॅम्प, प्रत्येक मापाचे दोन-दोन फ्यूज, पट्टा, वीतभर इंधनाचा पाइप आणि क्लिपा, पाच लिटर पाणी, टॉर्च, १० ते १७ चे पाने, जंपर केबल. घाटात मध्ये बराच पट्टा मोबाइलला रेंज नसते, त्यामुळं गाडी बंद पडली तर आधी ती वळणावरून बाजूला घ्या, चाकाला दगड लावा आणि मगच बॉनेट उघडा. जंपर लावताना शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. बॅटरीजवळ ठिणगी पडली तर तिथला गॅस पेट घेऊ शकतो.